सतरावा घाणा

१२ मार्च

नेहाने, म्हणजे बायकोने, ही वही दिली. म्हणाली, रोज संध्याकाळी माझं डोकं खाता, त्यापेक्षा हिच्यात लिहा. ती धसईला शाळेत शिकवते, वही तिथलीच उरलेली. मागच्या चार पानांवर तिसरीची हजेरी आहे आणि त्यात एक पोरगा अख्खा महिना गैरहजर आहे. मला त्याचा हेवा वाटतो.

तर काय लिहू? आज एक मशीन परत आलं. डोंबिवलीच्या एका काकांनी घेतलं होतं, एस्प्रेसोचं, घरगुती, दोन कपांचं. तक्रार अशी की वाफ येते पण खाली काही उतरत नाही. खोलून बघतो तर आत चहाची पत्ती! गच्च दाबून भरलेली, वर वेलची. फोन केला तर मलाच म्हणतात, "एवढं मोठं मशीन, आणि त्यात साधा चहा होत नाही?" मी सात वर्षं ठाण्याच्या ऑफिसातून हॉटेलवाल्यांना हीच मशिनं विकली, शिकवली, दुरुस्त केली. तिथे असलं काही निघालं तर समोरचा ओशाळायचा. इथे सॉरी मी म्हणालो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नोकरी सोडून घरी आलो. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तो धुऊन, चुना मारून त्यात पाच किलोचा रोस्टर बसवला. चिकमगळूरहून कच्च्या बिया आणायच्या, भाजायच्या, पाकिटं भरायची, वेबसाइटवर विकायची, सोबत मशिनं विकायची. वर्षभरात बसवून दाखवतो, असं मुरबाडच्या स्टँडवर जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आता तेच लोक विचारतात, "काय भावेश, कॉफी काय म्हणते?" काय म्हणणार, कपाळ!

काल जुन्या साहेबांचा फोन आला. माझी जागा पुन्हा रिकामी होतेय, येतोस का, एकतीस मेपर्यंत कळव म्हणाले. नेहाला सांगितलं. आई-बाबांना नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही. हरलो असं त्यांच्यासमोर म्हणायची माझी तयारी नाही.

१७ मार्च

बाबा अकरा महिन्यांत एकदाही गोठ्याच्या आत आलेले नाहीत. मशीन चालू असलं की दारात येऊन उभे राहतात, हाताची घडी घालून. मी वळून बघितलं की चालायला लागतात. पाळत ठेवल्यासारखं वाटतं, डोकं फिरतं माझं. कॉफी त्यांना एकदाच दिली होती, पहिल्या दिवशी. एक घोट घेऊन "कडू हाय" म्हणाले आणि कप खाली ठेवला.

आई बरी, ती गूळ घालून पिते. बॅचला ती घाणा म्हणते, चकल्या तळतोय जसा काही मी. "आज किती घाणे काढलेस रे?" आधी राग यायचा. आता पाकिटांवर मीच घाणा नंबर लिहितो. गिऱ्हाइकांना वाटतं काहीतरी खानदानी प्रकार आहे.

२२ मार्च

आज भांडण झालं. अजून कान गरम आहेत.

सकाळी सतरावा घाणा लावला होता. बिया मस्त तडतडल्या, वेळेवर परातीत ओतल्या. ही परात रोस्टरच्या पुढ्यात असते. तिच्या बुडाला भोकं आणि खाली पंखा आहे. तो आजूबाजूची हवा बियांतून खाली खेचतो, म्हणजे बिया झटकन गार होतात. ते चालू ठेवून मी एका बाईंना व्हिडिओवर मशीन दाखवत होतो. त्या जवळजवळ हो म्हणाल्याच होत्या. आणि एकदम गोठा धुराने भरला. मला काही दिसेना, त्यांना मी दिसेना. "अहो, आग लागली का तिकडे?" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

आग कसली डोंबलाची! बाबांनी गोठ्यामागचा राब पेटवला होता. भाताचं रोप करायच्या आधी वाफा भाजायचा, दरवर्षीचंच काम. आईने जमवलेलं शेण, त्यावर ऐनाचे टहाळे, वाळक्या पानांचा पातेरा, गवत आणि वर मातीचा थर. पण वेळ हीच? वाराही नेमका गोठ्याकडे. पंखा तसाच चालू टाकून मी बाहेर धावलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्या धुरात माझा धंदा मरतोय" म्हणालो. "घराजवळ परत पेटवलंत ना, तर हे सगळं बंद करून मी निघून जाईन" असंही म्हणालो. बाबांच्या हातात एक टहाळ होता, तो त्यांनी खाली ठेवला. पुन्हा वाफ्याकडे वळले. आई मात्र "वाईट बोललास रे" म्हणाली.

विहिरीपर्यंत चालून आलो, तरी डोकं शांत होईना. परत आलो तर पंखा तासभर घरघरतच होता. बिया पाकिटांत भरून टाकल्या. नाशिकच्या कोणी कुणाली म्हणून बाई आहेत, त्या सॅम्पल मागत होत्या. त्यांना त्यातलंच एक पाकीट पाठवून दिलं, दुसरं शोधायला अंगात जीव नव्हता.

२६ मार्च

बाबा तोंड फुगवून बसलेत. लांबच्या शेतातले राब पेटवून झाले. गोठ्यामागे अजून एक वाफा आहे, सगळा रचून तयार, तो मात्र तसाच ठेवलाय. येता-जाता माझ्या नजरेला पडावा आणि मला टोचावं म्हणून. भारी मानी माणूस! बघू कोण आधी बोलतं ते. मी पण त्यांचाच मुलगा आहे.

४ एप्रिल

बापरे! घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येणार.

नाशिकच्या कुणाली मॅडमचा फोन आला. त्यांचा कॅफे पंधरा जूनला उघडतोय. म्हणाल्या, "भावेश सर, हे तुम्ही काय पाठवलंय? यात धूर आहे, पण जळका नाही. माती आहे, पानं आहेत. मी काल तीन वेळा करून प्यायले." घाणा नंबर विचारला तर म्हणाल्या सतरा.

त्यांना दर महिन्याला चाळीस किलो हवीय. शिवाय दोन मोठी मशिनं. चाळीस किलो दर महिन्याला म्हणजे साहेबांना फोन करून सांगता येईल की बाबा रे, दुसरा माणूस बघ. अट एकच: पंधरा मेपर्यंत दोन किलो पाठवायची, अगदी अशीच, म्हणजे त्यांची खात्री पटेल. मी म्हणालो, "हो हो, ती आमची खास पद्धत आहे."

खास पद्धत! कसली, ते मलाच माहीत नाही. पण घाण्याची सगळी टिपणं माझ्याकडे आहेत, किती मिनिटांनी किती तापलं ते सगळं. त्यात काय, पुन्हा तसंच करायचं.

९ एप्रिल

तसंच केलं. सेकंदाला सेकंद जुळवला. कॉफी झाली, चांगली झाली, पण नुसती कॉफी झाली. धूर नाही, माती नाही, पानं नाहीत.

सतराव्या घाण्याचं एकच पाकीट माझ्याकडे उरलंय. उघडलं आणि तोच वास आला. म्हणजे मॅडम खोटं बोलत नव्हत्या. मग गेलं कुठे?

१७ एप्रिल

सहा घाणे वाया. आधी विजेवर संशय घेतला, इथे दिवसातून चारदा दाब खालीवर होतो. त्या दिवशी कमी असेल म्हणून मुद्दाम कमी दाबाची वेळ साधली, तर बिया अर्ध्या कच्च्या. मग चिकमगळूरच्या व्यापाऱ्याला झापलं, गोणी बदललीस म्हणून. त्याने गोणीचा नंबर काढून दाखवला, तीच गोणी. सॉरी म्हणालो. हल्ली माझं निम्मं आयुष्य सॉरी म्हणण्यात जातंय.

नेहा म्हणाली, "त्या दिवशी वेगळं काय झालं होतं, ते आठवा ना."

"काही नाही. बाबांनी डोकं फिरवलं होतं, तेवढंच."

"मग आजपण फिरलेलंच आहे की. यायला हवा होता वास."

हिला चेष्टा सुचते. मी जेवणावरून उठलो, मग भूक लागली म्हणून परत बसलो.

२३ एप्रिल

घरातले लोक मला हाकलायला निघालेत असं दिसतंय.

आईने आज ट्रंकेतून माझे ऑफिसचे दोन शर्ट काढले, धुतले आणि धसईच्या इस्त्रीवाल्याकडे देऊन आली. कशाला म्हणून विचारलं तर "कसर लागंल रे, म्हणून" म्हणाली. आणि दुपारी जीपवाला मुकेश भेटला, तो सांगतो, "तुझे बाबा विचारत व्हते, सकाळची पहिली गाडी कल्याणला कितीला पोचते, आन पास कुठून काढायचा." बाबांना कल्याणला काय काम? त्यांना वाटतंय माझा धंदा बुडाला आणि मी गाशा गुंडाळावा. एवढी घाई! नेहाला हे सांगितलं तर ती ताटात बघत बसली. नोकरीचं तूच सांगितलंस का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आईंनी विचारलं, मला खोटं नाही बोलता येत." झालं! म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि मी इकडे महिनाभर तोंड सांभाळतोय.

संतापाने दोन घाणे काढले. दोन्ही जाळले.

३० एप्रिल

सतराव्या घाण्याचं मूठभर उरलंय. रोज सकाळी पाकीट उघडतो, नाक घालतो, बंद करतो. व्यसन लागलंय. पंधरा दिवस राहिले. रात्री झोप नाही, दिवसा एका जागी बसवत नाही. आज काहीही कारण नसताना मुरबाडला जाऊन आलो, स्टँडवर उभा राहिलो आणि परत आलो. सिद्धगडाच्या बाजूला कुणीतरी राब पेटवला असावा, जीपमध्ये धूर येत होता. मी काच लावून घेतली.

६ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी ओट्यावर बसून पाकीट उघडलं होतं. बाबा बैठकीतून बाहेर आले, माझ्या मागून पुढे गेले आणि थांबले. दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"हा कुठं मिळाला तुला?"

"काय?"

"हा वास. आपल्या राबाचा हाय. तू भांडलास त्या दिवसाचा."

त्यांनी पाकिटात हात घातला, चार बिया काढल्या, नखाने फोडल्या आणि नाकाशी धरल्या. "ऐनाचा टहाळ हाय. आन करवंदीचा पाला. तुझ्या आयशीनं घातलान, मी नको म्हणत व्हतो, काटे राहतात वाफ्यात."

आतून आई ओरडली, "आता काटं काढा माझ्यावर!"

मी कपाळावर हात मारला. धूर! पंखा! अख्खा तासभर तो पंखा राबाचा धूर त्या गरम बियांतून खेचत होता, आणि मी विहिरीपाशी फेऱ्या मारत होतो. मी, सात वर्षं लोकांना मशिनं शिकवलेला माणूस, विजेचा दाब मोजत बसलो. जो धूर नको म्हणून बापाला बोललो, तोच धूर महिनाभर मिनिटं आणि सेकंद जुळवून शोधत होतो. हसू की रडू कळेना. नेहा हसलीच, पोट धरून.

बाबा मात्र हसले नाहीत. "कर बघू जराशी," म्हणाले. मी कॉफी केली. त्यांनी दारातच उभं राहून प्यायली. "कडूच हाय," म्हणाले. पण कप रिकामा करून दिला.

७ मे

घमेल्यात शेणी आणि पाला पेटवून परातीपाशी ठेवलं. घाणा काढला. प्यायलो. बिडीचा वास! दुसऱ्यांदा केलं, परत बिडी. वर मातीचा थर, खाली शेण, आत कोंडून धुमसणारं ते सगळं घमेल्यात होत नाही.

गोठ्यामागचा तो वाफा अजून तसाच रचलेला आहे. दिवसभर मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

नेहा: "बाबांना विचारा ना."

"विचारीन."

"कधी? पंधरा मे झाल्यावर?"

कोणत्या तोंडाने विचारू? निघून जाईन म्हणालो होतो.

८ मे

विचारलं. बाबा मागे बांध नीट करत होते. मी आधी हवेचं बोललो, मग शेजारच्यांच्या म्हशीचं बोललो, मग म्हणालो, "बाबा, हा वाफा पेटवायचा राहिलाय ना तुमचा?"

"राहिला नाय. ठेवलाय."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काय येड्यासारखं विचारतोय. "तूच बोललास ना, घराजवळ पेटवला तर निघून जाईन. म्हणून ठेवला. तसाच पेरला आसता, बिनभाजलेला. तण होतंय जास्ती, तर होऊ दे. बसून बेणून काढला आसता."

दीड महिना मी समजत होतो की तो वाफा मला टोचायला ठेवलाय. "मला वाटलं तुम्ही रागावलात," म्हणालो.

"रागावलो व्हतोच की. राग वेगळा."

मग मी म्हणालो, "चुकलं माझं." हे शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारले होते, आठवत नाही. त्यांनी खोरं बांधाला टेकवलं आणि म्हणाले, "परवा पेटवू. वारा बघून. तुझी ती मिशीन तयार ठेव."

मी गोठ्यात गेलो, दार लावून घेतलं आणि रडलो. का ते नीट सांगता येणार नाही.

१० मे

अंग दुखतंय, डोळे लाल, केसांत राख. आणि मी खुशीत आहे.

सहा वाजल्यापासून बिया मोजून पिशव्या तयार ठेवल्या होत्या. बाबा मात्र घाई करेनात. "वारा फिरू दे." मी म्हणतो, बाबा, वीज जाईल. ते म्हणतात, "वीज गेली तर येते परत. हा एकदा पेटला का पेटला." साडेआठला त्यांनी मूठभर माती उडवून बघितली आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवलं. तसं पेटवलं की आग धावत नाही, हळूहळू खात जाते आणि माती नीट भाजते. आधी पांढरा धूर उठला, मग जरा करडा झाला. आई गोठ्याच्या खिडकीत गोणपाट धरून उभी, धूर आत वळवायला. नेहा पाकिटांवर नंबर घालत होती आणि खोकत होती.

चौथ्या घाण्याला मी परातीतल्या बिया हलवत असताना रोस्टरमध्ये पुढचा तडतडायला लागला. दोन हात कमी पडले. मी ओरडलो, "कुणीतरी या!" आणि बाबा आत आले. उंबरा ओलांडून सरळ आत. परातीतलं फावडं माझ्या हातातून घेतलं आणि ढवळायला लागले. एकदाही विचारलं नाही कसं करायचं.

दुपारपर्यंत धुमसत होतं. सात घाणे निघाले, एकोणतीस किलो भरले.

११ मे

तोच आहे! नेहा म्हणते, थोडा जास्तच आहे. बाबा म्हणतात, या वेळी करवंदीचा पाला नव्हता. मी म्हणतो, नाशिकला काय कळतंय.

पण संध्याकाळी हिशोब मांडायला बसलो. दोन किलो पाठवीन, मॅडम हो म्हणतील, आणि मग? चाळीस किलो दर महिन्याला कुठून आणू? बाबांना विचारलं, पुन्हा रचून पेटवता येईल का. ते म्हणाले, "शेण संपला. टहाळ आता तोडायचे नसतात, झाडाला पालवी हाय. आन एकदा भाजलेली माती परत भाजायची नाय. राब वर्षातून एकदा."

म्हणजे वर्षातून एकदा एकोणतीस किलो. चाळीस गुणिले बारा कुठे आणि हे कुठे!

१३ मे

मेल चार वेळा लिहिला. पहिल्यात लिहिलं होतं की आमची खास पद्धत गुप्त असल्यामुळे पुरवठा जरा मागेपुढे होईल. वाचून मलाच घाण वाटली. फसवायचंच होतं तर पहिल्या महिन्यात एकोणतीस किलो देऊन पुढे कोळशाच्या धुरावर भागवता आलं असतं. गिऱ्हाइकाला काय कळतंय, असं दोन तास घोळवलं मी मनात. मग आठवलं, की कळणारा माणूस माझ्याच घरात आहे आणि तो बिया नखाने फोडून बघतो.

शेवटी खरं लिहिलं: "मॅडम, खास पद्धत वगैरे काही नव्हती, मी खोटं बोललो. माझ्या वडिलांनी भाताचा राब भाजला, त्याचा धूर चुकून कॉफीत गेला आणि त्यावरून मी त्यांच्याशी भांडलो. हे वर्षातून एकदाच होतं. माझ्याकडे एकोणतीस किलो आहे. पुढची मार्चमध्ये." पार्सल कुरिअरला दिलं आणि मेल पाठवला. लगेच वाटलं, परत घ्यावा.

१९ मे

उत्तर नाही. पार्सल पोचलं एवढं दिसतंय.

२२ मे

नाही. फोन करायचा नाही असं ठरवलंय. तीनदा नंबर काढला.

२६ मे

उत्तर आलं. मॅडम सॅम्पलच्या दोन किलोंसकट एकोणतीसच्या एकोणतीस किलो घेतायत. पाकिटावर राबाची गोष्ट छापा, मला लिहिली तशीच, भांडणासकट, म्हणतात. मार्चमध्ये किती होईल ते जानेवारीत सांगा. पण दर महिन्याची चाळीस किलो त्या नाशिकच्याच दुसऱ्या माणसाकडून घेणार, कारण रोजच्या कॉफीला त्यांना भरवशाचं कोणीतरी हवं. मशीनही दोन नाही, एकच. ते बसवायला आणि त्यांच्या माणसांना शिकवायला मीच यावं.

बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. एवढ्यावर वर्ष निघत नाही. नेहा म्हणाली, "तुम्ही ठरवा, मी दोन्हीकडे आहे." असं बोललं की जास्त त्रास होतो.

२९ मे

साहेबांना मेसेज लिहून ठेवलाय: "सर, येतो." पाठवलेला नाही. उद्या पाठवीन. रोस्टर झाकून ठेवता येईल. शनिवार-रविवार येऊन थोडं थोडं करता येईल. असं सगळे म्हणतात, आणि मग त्या मशिनवर गोण्या पडतात.

३० मे

दुपारी नाशिकचे खोके बांधत होतो. बाबा आता गोठ्यात बिनबोभाट येतात. चिकटपट्टी धरून बसले होते. मग खोक्याकडेच बघत म्हणाले,

"मार्चात दोन दिवसांची रजा मिळंल ना रे तुला?"

"कसली रजा?"

"ठाण्याला. नवीन माणसाला पहिल्या वर्षी लवकर देत नायत. आत्तापासून सांगून ठेव. पहिल्या गाडीनं निघालास तर येळेवर पोचशील, मी विचारलाय मुकेशला. शर्टपण तुझ्या आयशीनं करून ठेवलेत." मग दुसरा खोका पुढे ओढला. "मी पुढल्या साली चारी वाफे गोठ्याच्या अंगाला करणार हाय. धूर वाया नाय जायचा. तू नसलास तरी घाणा मी काढीन. तडतड सुरू झाली का साठ मोजायचे, मग वतायचा. एवढं मी बघितलाय. पण तो पंखा मला नाय जमायचा. त्याला तू पायजे."

साठ. बरोबर साठ. मी हे कोणालाच कधी सांगितलेलं नाही, मीच मनातल्या मनात मोजतो. वर्षभर हा माणूस दारात उभा राहून माझ्याबरोबर मोजत होता, आणि मी म्हणत होतो पाळत ठेवतोय. मला हाकलायला निघालेत म्हणत होतो. मी न सांगता जाणार, हे गृहीत धरून त्यांनी माझी गाडी, पास, शर्ट सगळं बघून ठेवलं होतं, आणि वर मार्चची सोय पण स्वतःच करून टाकली होती. मागितलं काय, तर दोन दिवस.

"बाबा, पट्टी सरळ धरा," एवढंच म्हणालो.

"सरळच हाय," म्हणाले. ती वाकडी होती.

३१ मे

साहेबांना फोन केला, मेसेज नाही. नाही येत म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. म्हणालो, "मार्चमध्ये घरी काम असतं."

"अरे, मार्चला अजून नऊ-दहा महिने आहेत."

"हो सर. तयारी आत्तापासून लागते."

त्यांना वाटलं मी दारू प्यायलोय. फोन ठेवल्यावर मलाही भीती वाटली, खोटं कशाला लिहू. हातात एक मशीन बसवायचं काम आहे, डोंबिवलीच्या काकांना शिकवायचं आहे, आणि तिसरं काही नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्या शर्टांचा काय करू आता?" मी एक तिथेच अंगात घातला आणि गोठ्यात गेलो. तिने डोक्याला हात लावला, पण ओरडली नाही.

बाबांना सांगायला गेलो तर ते वाफ्यात भात पेरत होते. ऐकून घेतलं, मूठ रिकामी केली, पुढची भरली. मग म्हणाले, "उद्याचा घाणा कितीला लावणार हायस?"

"आठला."

"बरं."

उद्याचा घाणा बाबा काढणार आहेत. मी नुसता पंखा लावायचा आहे.